ऑस्टिन सेव्हन: कराने घडवली की हट्टाने?

घाटमाथा (धागाकर्ता)

आपल्याकडचे जुने लोक जिला 'बेबी ऑस्टिन' म्हणायचे, त्या ऑस्टिन सेव्हनवर हा धागा काढतोय. १९२२ ते १९३९ या काळात बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजच्या कारखान्यातून या जवळजवळ २ लाख ९० हजार गाड्या बाहेर पडल्या. या गाडीबद्दल कुठेही वाचा, दोन वाक्यं हमखास सापडतात. 'स्वस्त होती म्हणून खपली' हे पहिलं. 'इंग्लंडातल्या कराच्या नियमामुळे जन्माला आली' हे दुसरं.

मला दोन्ही अपुरी वाटतात. १९२३ मध्ये ती १६५ पौंडांना मिळत होती. तिथल्या कारखान्यातल्या कामगाराची ती जवळपास वर्षभराची कमाई. याला स्वस्त कसं म्हणायचं? आणि कर तर सगळ्यांनाच होता. त्याच कराखाली कितीतरी छोट्या गाड्या आल्या आणि चार-पाच वर्षांत दिसेनाशा झाल्या.

माझं मत असं: सेव्हन टिकली ती कंपनीचा संस्थापक हर्बर्ट ऑस्टिन याच्या हट्टामुळे. त्याला मोटारसायकलला चार चाकं लावायची नव्हती. पुरी मोटार हवी होती, फक्त लहान मापात. चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, चारही चाकांना ब्रेक, आई-बाप आणि मागे दोन पोरं. १९२२ मध्ये महागड्या गाड्यांनाही पुढच्या चाकांना ब्रेक असतीलच असं नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं? कर, किंमत, की रचना?

डबलक्लच

विषय आवडला, पण कराला इतक्या सहज बाजूला सारू नका. आधी तो हिशेब बघा.

१ जानेवारी १९२१ पासून इंग्लंडात प्रत्येक अश्वशक्तीला वर्षाला १ पौंड कर लागला. ही अश्वशक्ती इंजिनाची खरी ताकद नव्हे, सूत्रातून काढलेली. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. बस्स. पिस्टन किती लांब धावतो याचा त्यात हिशेबच नाही!

आता फोर्ड मॉडेल टी घ्या. व्यास पावणेचार इंच. सूत्रात घातला की साडेबावीस अश्वशक्ती, म्हणजे वर्षाला २३ पौंड. सेव्हनचा व्यास ५६ मिलिमीटर, आकडा येतो ७.८, कर ८ पौंड. दर वर्षी १५ पौंडांचा फरक, तेही गाडी दारात नुसती उभी असली तरी. त्या आधी मँचेस्टरला जुळणी होणारी टी इंग्लंडात जोरात खपत होती. या कराने तिचं कंबरडं मोडलं. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे, तो आधी कर विचारणार आणि मग गाडी बघणार.

मेघना_के

वाचतेय. दोघांचंही पटतंय, त्यामुळे पुढचे प्रतिसाद येऊ द्या. :)

पानं_चाळणारा

डबलक्लच, तुमच्या मुद्द्याला माझी जोड. कराचा फटका सगळ्यात जास्त बसला तो खुद्द ऑस्टिनला.

पहिलं महायुद्ध संपल्यावर या माणसाने ठरवलं की एकच मोठी गाडी बनवायची, ऑस्टिन ट्वेंटी. ३.६ लिटरचं इंजिन, कराच्या सूत्रात २२ च्या वर. त्यात १९२०-२१ ची मंदी. १९२१ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे धनकोंसाठी कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेली. अशा वेळी त्याने संचालकांपुढे अगदी छोट्या गाडीची कल्पना मांडली, आणि त्यांनी नकार दिला. धनकोंना आणखी एक नवा प्रयोग परवडणारा नव्हता.

मग साहेब काय करतात? कारखान्याच्या आरेखन विभागातला स्टॅन्ली एज नावाचा १८ वर्षांचा मुलगा उचलतात आणि त्याला आपल्या घरी, लिकी ग्रेंजला घेऊन जातात. तिथल्या बिलियर्डच्या खोलीत गाडीचे आराखडे तयार झाले. खर्च स्वतःच्या खिशातून. आणि म्हणूनच त्यातल्या बऱ्याच कल्पनांची पेटंटं त्याने कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या नावावर घेतली. पुढे कंपनीकडून त्याला दर गाडीमागे २ गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) मिळत राहिले.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती एजची. त्या काळी छोटी गाडी म्हणजे दोन सिलिंडर असंच समीकरण होतं. रोव्हर एटला तसंच हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन होतं. मालकाचा कलही आधी तिकडेच होता. या १८ वर्षांच्या पोराने पटवून दिलं की चार सिलिंडरचं छोटं इंजिन स्वस्तात बनतं आणि गुळगुळीत चालतं. मालक पन्नाशी ओलांडलेला, हाडाचा इंजिनिअर, ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्रांवर हात बसवून आलेला. त्याने पोराचं ऐकलं. अशी उदाहरणं कारखान्यांच्या इतिहासात फार सापडत नाहीत.

घाटमाथा (धागाकर्ता)

पानं_चाळणारा, हेच तर म्हणतोय! कराने सांगितलं 'व्यास लहान ठेवा'. चार सिलिंडर ठेवा असं कर सांगत नव्हता. उलट सूत्रात सिलिंडरच्या संख्येने गुणायचं असतं, म्हणजे दोनच ठेवले तर कर कमी. तरीही त्यांनी चार ठेवले.

नानाफिटर

मंडळी, मी पुस्तकी माणूस नाही. जुन्या गाड्या उघडतो आणि बांधतो. एका संग्राहकाची तिसाच्या दशकातली सेव्हन सलून (बंद टपाची गाडी) माझ्या हातून गेली आहे, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा इंजिन उतरवलं तेव्हा मी आणि पोऱ्या, दोघांनी हाताने उचलून बाकावर ठेवलं. चेन-ब्लॉक (उचलायची साखळी) लागला नाही. क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव फिरती करणारा दांडा, बघितला आणि विश्वास बसेना. चार सिलिंडरच्या क्रँकला फक्त दोन मुख्य बेअरिंग, एक पुढे आणि एक मागे. मधे काहीच नाही. तीन बेअरिंगचा क्रँक १९३६ मध्ये आला. गाडी जोरात पळवली की हा बारीक क्रँक मधे वाकतो आणि त्याचा थरकाप पायाला जाणवतो. पण साध्या वेगाने चालवली तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

तेलाचं तर आणखी नवल. आताच्या इंजिनात क्रँकमधून दाबाने तेल फिरतं. इथे पंप दोन बारीक नळ्यांपर्यंत तेल नेतो. त्या नळ्या फिरणाऱ्या क्रँकच्या खाचेत पिचकारी मारतात, आणि फिरण्याच्या जोराने ते तेल बिग एंडकडे (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) फेकलं जातं. दाब दोन-तीन पौंड दाखवला तरी बरं चाललंय असं समजायचं. नळीत कचरा अडकला की बिग एंड गेलंच, मग पुन्हा व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) ओतून घ्या. पण ज्याने डिझाइन केलं त्याला हे माहीत होतं. इंजिनाच्या अंगालाच स्क्रू दिलेत, ते काढून तार घालायची आणि नळी साफ करायची. इंजिन उघडायची गरज नाही. मालकाने रविवारी घरी स्वतः करावं इतकं सोपं.

माझं मत विचाराल तर गाडी टिकली ती या सोपेपणामुळे. गॅरेजला न जाता चालते ती गरिबाची गाडी.

शिस्तप्रिय

नानांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. पण ब्रेकबद्दल धागाकर्त्यांनी जे कौतुक केलंय ते जरा आवरावं लागेल.

चारही चाकांना ब्रेक होते हे खरं. पण १९३० पर्यंत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना लागायचा आणि हाताचा ब्रेक पुढच्या चाकांना! म्हणजे कुत्रं आडवं आलं की एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने दांडा, आणि पाय पेडलवर. त्यातून केबल ओढून लागणारे ते ब्रेक, ओल्या रस्त्यावर काय लागणार. १९३० नंतर दोन्ही एकत्र जोडले. याला मी सुरक्षिततेचा आदर्श म्हणणार नाही.

घाटमाथा (धागाकर्ता)

आदर्श मीही म्हणालो नाही. पण साइडकारवाल्या मोटारसायकलवरून जो माणूस इकडे आला, त्याच्यासाठी हे केवढं मोठं पाऊल होतं ते बघा. ऑस्टिनने उघड सांगितलं होतं की ही गाडी त्या माणसासाठी आहे ज्याला आज फक्त मोटारसायकल आणि साइडकारच परवडते. बायको साइडकारमध्ये पावसात भिजतेय, पोरगं तिच्या मांडीवर. त्या कुटुंबाला टप असलेली गाडी मिळाली. तुलना तिच्याशी करायची, रोल्स-रॉइसशी नाही.

वैदेही_मिडलँड्स

मी बर्मिंगहॅममध्ये राहते, म्हणून इथली थोडी माहिती.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये सेव्हन जवळून बघता येते. फोटोत कल्पनाच येत नाही हो! दोन चाकांच्या आसांमधलं अंतर सव्वासहा फूट, रुंदी चार फुटांच्याही आत. शेजारी उभं राहिलं तर टप माझ्या नाकापर्यंत येतो. आणि तरी ती खेळण्यासारखी दिसत नाही, प्रमाण इतकं नेमकं आहे.

पण खरी मजा वेगळीच. इथे उन्हाळ्यात गावोगावी जुन्या गाड्यांचे मेळे भरतात आणि सेव्हन नाही असा मेळा मी पाहिलेला नाही. एका आजोबांनी मला त्यांच्या 'चमी'मधून (सेव्हनचंच उघड्या टपाचं मॉडेल) गावाबाहेरपर्यंत चक्कर मारून आणली. पुढच्या दोन सीट इतक्या जवळ की त्यांचं कोपर प्रत्येक गिअरला माझ्या दंडाला लागत होतं. पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पलीकडे, बॉनेटखाली, जवळजवळ आपल्या गुडघ्यांवरच. तिथून पेट्रोल आपोआप खाली उतरतं, पंप नाही. आणि क्लच! पेडल अर्ध्या इंचाच्या आतच सगळं काम उरकतं. आजोबा म्हणाले, 'पाय वापरू नकोस, फक्त अंगठा वापर.' त्यांनी मला मैदानात चालवू दिली. पहिल्यांदा गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. आजोबा इतके मनापासून हसले! मग जमलं. ताशी ५० किलोमीटरला आपण विमानात बसल्यासारखं वाटतं, कारण रस्ता हाताला लागेल इतका खाली असतो.

लाँगब्रिजचा कारखाना मात्र २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली तेव्हा थांबला. आता त्या जागेच्या मोठ्या भागावर दुकानं, घरं आणि कॉलेज आहे. माझ्या ओळखीच्या इथल्या वयस्क लोकांत लाँगब्रिजला घरातलं कुणी नव्हतं असं कुटुंब विरळाच.

कोकणी_कप्तान

वैदेहीताई, काय सुंदर लिहिलंत. त्या आजोबांना आमचा नमस्कार सांगा.

मेघना_के

अवांतर: आमच्या पणजोबांकडे साताऱ्याला बेबी ऑस्टिन होती, ते डॉक्टर होते. व्हिजिटला खेड्यात जायचे. आजी सांगायची की ओढ्याला पाणी असलं की चार गडी गाडी उचलून पलीकडे ठेवत आणि डॉक्टर धोतर वर धरून मागून चालत जात. आम्ही लहानपणी हे थाप समजायचो. नानांनी इंजिन दोघांनी उचललं हे वाचलं आणि आता पूर्ण विश्वास बसला.

नानाफिटर

मेघनाताई, थाप अजिबात नाही. सुरुवातीची गाडी सगळी मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास. चार गडी आणि थोडी इच्छा असली की उचलली जाते.

कोकणी_कप्तान

घाट कसा चढायची मग? खंबाटकी?

डबलक्लच

पहिल्या गिअरमध्ये आणि देवाचं नाव घेऊन. :) प्रत्यक्ष ताकद दहाएक अश्वशक्ती, १९३२ पर्यंत तीनच गिअर. पण लांब धावणारा पिस्टन असल्याने कमी वेगालाही ओढ चांगली. आणि टाकी उंचावर, त्यामुळे चढावर पेट्रोल तुटत नाही. मॉडेल टीच्या मालकांना टाकी रिकामी होत आली की तीव्र चढ उलटा चढावा लागे, कारण टाकी सीटखाली आणि पेट्रोल नुसतं उतारावर अवलंबून. सेव्हनवाल्याला ती वेळ येत नव्हती.

शिस्तप्रिय

मूळ विषयाकडे येतो. मला एक प्रश्न पडलाय. आपण सगळे सेव्हनच्या प्रेमात आहोत, पण त्या काळातली इंग्लंडची खरी कुटुंबाची गाडी मॉरिस काउली नव्हती का? गोल नाकामुळे जिला 'बुलनोज' म्हणत ती. विल्यम मॉरिसने १९२१ च्या मंदीत किमती धाडकन खाली आणल्या आणि सगळा बाजार उचलला. १९२५ मध्ये मॉरिसने एका वर्षात ५० हजारांहून जास्त गाड्या बनवल्या. चौघांना ऐसपैस जागा, सामान ठेवायला जागा. सेव्हनच्या मागच्या सीटवर मोठा माणूस बसूच शकत नाही. म्हणजे कर १२ पौंड असूनही लोकांनी मॉरिस घेतली. मग कर हे मुख्य कारण कसं, आणि सेव्हन ही 'लोकांची गाडी' कशी?

पानं_चाळणारा

शिस्तप्रिय, अगदी रास्त प्रश्न. माझ्या मते दोघांची गिऱ्हाइकं वेगळी. मॉरिस घेणारा शाळामास्तर, वकील, दुकानदार, ज्याने कधीतरी मोटार घेतलीच असती. सेव्हन घेणारा तो, ज्याने ही गाडी नसती तर मोटार घेतलीच नसती. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात खासगी मोटारी जेमतेम लाखभर होत्या, दुसऱ्याच्या तोंडावर वीस लाखांच्या घरात. ही वाढ फक्त आधीपासून सुखवस्तू असलेल्या लोकांतून झाली नाही.

आणि मॉरिसलाही हे कळलं. १९२८ मध्ये त्याने मायनर आणली ती नेमकी सेव्हनच्या समोर. १९३१ मध्ये तिची एक साधी आवृत्ती थेट १०० पौंडांना लावली. फोर्डने १९३२ मध्ये मॉडेल वाय काढली, तीही ८ अश्वशक्तीच्या करात बसणारी. ज्या फोर्डला कराने मारलं होतं तिने शेवटी करापुढे मान तुकवली! सगळे मोठे कारखानदार एका छोट्या गाडीच्या मागे आले, तेव्हा तिने काहीतरी बदललं होतं हे मान्य करायला हवं.

डबलक्लच

पहा, तुमच्याच तोंडून कर आला. :)

आणि त्याची वाईट बाजूही सांगायला हवी. व्यास लहान ठेवायचा आणि ताकद हवी असेल तर पिस्टनची धाव वाढवायची, या सवयीने इंग्लिश इंजिनं वर्षानुवर्षं बारीक आणि लांब राहिली. बाहेरच्या देशांतल्या लांब सरळ रस्त्यांवर सतत वेगात चालवायला ती बरी नव्हती. १९३५ मध्ये कर अश्वशक्तीमागे १५ शिलिंगांवर आणला, पण पद्धत तीच राहिली. युद्धानंतर १९४८ मध्ये सगळ्या नव्या गाड्यांना सरसकट १० पौंड झाला तेव्हा कुठे इंजिनिअरांचे हात मोकळे झाले. सेव्हन हे त्या कराचं गोड फळ, पण झाड काही चांगलं नव्हतं.

वैदेही_मिडलँड्स

बायकांचाही विचार करा इथे. ऑस्टिनच्या जाहिरातींत गाडी चालवणाऱ्या स्त्रिया असायच्या. जिला हँडल मारून मोठी गाडी चालू करणं जड जायचं, तिच्यासाठी विजेचा स्टार्टर असलेली हलकी सेव्हन ही फार मोठी सोय होती. के पेट्रीसारख्या स्त्रीने तर तिसाच्या दशकात ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर कारखान्याची रेसिंग ऑस्टिन पळवली. त्या बाई अंगाने अगदी लहानखुऱ्या होत्या आणि गाडीही.

कोकणी_कप्तान

रेसिंग? साडेसातशे सीसीची गाडी रेसमध्ये काय करणार?

पानं_चाळणारा

बरंच काही. १९२९ च्या अल्स्टर टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीत पहिला आला रुडॉल्फ काराचिओला, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) लावलेल्या भल्यामोठ्या मर्सिडीजवर. आणि तिसरा कोण? आर्ची फ्रेझर-नॅश, ऑस्टिन सेव्हनवर! चौथीही सेव्हनच. शर्यत हँडिकॅपची होती, छोट्या गाड्यांना आधीच काही फेऱ्या दिल्या होत्या हे खरं. पण तासन्तास न मोडता पळायचं काम गाडीनेच केलं. त्यानंतर 'अल्स्टर' नावाचं मॉडेलच निघालं. १९३० मध्ये ब्रुकलंड्सची ५०० मैलांची शर्यत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च या जोडीने सेव्हनवर जिंकली, सरासरी ताशी ८३ मैलांच्या वर.

नानाफिटर

दोन बेअरिंगचा क्रँक आणि ५०० मैल ८३ च्या वेगाने! ज्याने ते इंजिन बांधलं त्या मिस्त्रीचे पाय धरायला हवेत.

घाटमाथा (धागाकर्ता)

आता माझा आवडता भाग, या गाडीची पिल्लं.

विल्यम लायन्सने १९२७ मध्ये ब्लॅकपूलला सेव्हनवर देखणी दुरंगी बॉडी चढवून ऑस्टिन सेव्हन स्वॅलो विकायला सुरुवात केली. तीच कंपनी पुढे जग्वार झाली. जर्मनीत आयसेनाखच्या डिक्सी कारखान्याने परवाना घेऊन सेव्हन काढली. १९२८ मध्ये बीएमडब्ल्यूने डिक्सी विकत घेतली, म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार ही मुळात ऑस्टिन सेव्हन. फ्रान्समध्ये रोझेनगार्ट कंपनीने परवाना घेतला. कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये जुन्या सेव्हनवर स्वतःची पहिली गाडी बांधली आणि त्यातून लोटस ही स्पोर्ट्स आणि रेसिंग गाड्यांची कंपनी उभी राहिली. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅकलॅरेनने (पुढे मॅकलॅरेन रेसिंग संघ काढणारा) शर्यतीत पहिल्यांदा पळवली ती वडिलांनी आणलेली सेव्हन अल्स्टर.

सोपी चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंग्रजी ए अक्षरासारखी, पुढे निमुळती होत गेलेली. पुढे एकच आडवा पाटा, मागे दोन अर्धवट पाटे. बॉडी काढून टाकली की पोरगेलेसा कुणीही त्यावर आपली गाडी बांधू शकतो. जुनी सेव्हन भंगाराच्या भावात मिळायची. इंग्लंडातल्या एका पिढीने इंजिनिअरिंग या गाडीवर शिकलं. कराच्या सूत्रातून हे कसं आलं असतं?

डबलक्लच

घाटमाथा, अमेरिका मुद्दाम विसरलात काय? पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी अमेरिकन ऑस्टिन कंपनीने १९३० पासून सेव्हन बनवली. मोठमोठ्या नट्यांनी तिच्यासोबत फोटो काढले, पण विक्री झाली नाही आणि १९३४ मध्ये कंपनी बुडाली. का? तिथे पेट्रोल स्वस्त, रस्ते लांब, अश्वशक्तीवर असा कर नाही, आणि थोडे जास्त पैसे दिले की मोठी फोर्ड दारात. तीच रचना, तोच सोपेपणा, तरी आपटली. आणि जिथे चालली तिथली परिस्थिती बघा. डिक्सीचं नाव होतं ३/१५. त्यातला १५ हा खऱ्या अश्वशक्तीचा, ३ हा जर्मन कराचा! फ्रान्समध्येही गाडीची ओळख कराच्या अश्वशक्तीने व्हायची. जिथे कर, तिथे सेव्हन. यावर काय म्हणणार?

मेघना_के

ओहो, हा मुद्दा जोरदार आहे.

पानं_चाळणारा

जोरदार आहे खरा. पण बटलरच्या त्याच कारखान्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. बुडाल्यावर ती अमेरिकन बँटम म्हणून उभी राहिली, आणि १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला जीपचा पहिला नमुना ४९ दिवसांत करून देणारी कंपनी हीच. छोट्या, हलक्या गाड्यांचा हात तिथे कुणाला असेल तर यांनाच. आपल्याकडे गावोगावी धावलेल्या जीपचं एक मूळ असं लाँगब्रिजपर्यंत पोहोचतं.

शिस्तप्रिय

ही जोड मला माहीत नव्हती, धन्यवाद. वाचनखूण साठवली.

डबलक्लच यांच्या मुद्द्यावर मात्र थोडं. जिथे कर तिथे सेव्हन, हे मान्य. पण जिथे कर तिथे रोव्हर एटही होती आणि सायकलकारही होत्या. पट्ट्याने किंवा साखळीने चाकं फिरवणाऱ्या, एक-दोन सिलिंडरच्या, दोघांनी कशाबशा बसायच्या. इंग्लंडात सेव्हन आल्यावर दोन-तीन वर्षांतच त्यांचा बाजार संपला. त्यांनाही कर कमीच होता. तेव्हा कराने छोट्या गाडीची मागणी निर्माण केली आणि त्या मागणीला नीट उत्तर एकाच गाडीने दिलं, असं मी म्हणेन.

डबलक्लच

हे मी मान्य करायला तयार आहे. फक्त क्रम लक्षात ठेवा: आधी कर, मग हट्ट.

वैदेही_मिडलँड्स

क्रमाबद्दल माझी शंका. लिकी ग्रेंजच्या त्या बिलियर्डच्या खोलीत जाणाऱ्या माणसाचा विचार करा. पन्नाशी उलटलेली, कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात, एकुलता मुलगा व्हर्नन १९१५ मध्ये युद्धात गेलेला, संचालक विरोधात. तेव्हा इंग्लंडात प्रत्येक कारखानदाराला तोच कर लागू होता, तीच मंदी होती. घर आणि पैसा पणाला लावून ही गाडी काढावीशी वाटली ती एकालाच. कर नसता तर कदाचित इंजिन थोडं मोठं असतं, साडेसातशेच्या जागी हजार सीसीचं. पण गाडी झाली असती.

कोकणी_कप्तान

मिनीचं काय मग? तीही लाँगब्रिजचीच ना?

पानं_चाळणारा

तीही लाँगब्रिजचीच. १९५९ मध्ये मिनी आली तेव्हा ऑस्टिनच्या दुकानात ती 'ऑस्टिन सेव्हन' याच नावाने विकली गेली! मिनीचा जनक अलेक इसिगोनिस तरुणपणी सेव्हन घेऊन हौशी शर्यतींत उतरायचा, आणि सेव्हनचेच भाग वापरून त्याने मित्राबरोबर स्वतःची 'लाइटवेट स्पेशल' बांधली होती. आणि १९५९ मध्ये तो अश्वशक्तीचा कर उरलाच नव्हता, हे डबलक्लच यांनी वरच सांगितलंय.

घाटमाथा (धागाकर्ता)

हे माझ्या मनातलं लिहिलंत. कर गेल्यावर अकरा वर्षांनी, त्याच कारखान्यात, त्याच नावाने पुन्हा चौघांची दहा फुटी गाडी निघाली. त्या वेळी कारण १९५६ च्या सुएझ कालव्याच्या संकटानंतरची पेट्रोलटंचाई होती, कर नव्हे. निमित्त बदललं, पण कमीत कमी जागेत पुरी मोटार बसवायची ही जिद्द तीच होती. डबलक्लच यांचा अमेरिकेचा मुद्दा मी सोडत नाही, तो पक्का आहे: बाहेरची परिस्थिती अनुकूल नसेल तर उत्तम रचनाही विकली जात नाही. तरीही माझं पारडं हट्टाकडेच झुकतंय.

नानाफिटर

दोन्ही बाजूंनी छान लिहिलंत सगळ्यांनी. कुणाच्या ओळखीत जुनी सेव्हन पडून असेल तर एक सांगतो. ती भंगारात घालू नका आणि घाईने स्टार्टही करू नका. आधी तेलाच्या त्या दोन नळ्या साफ करा, प्लग काढून हँडलने हाताने फिरवा, तेल वर आलंय याची खात्री करा, मगच पुढचं. सुटे भाग इंग्लंडातून आजही नवे मिळतात, तिथल्या हौशी मंडळींनी ती सोय टिकवली आहे. इंजिन बांधायला मदत लागली तर इथेच विचारा, फोटो टाका, मी बघतो.

मेघना_के

नाना, साताऱ्याच्या वाड्यात मागच्या पडवीत एक जुनं स्टिअरिंग आणि दोन तारांची चाकं आहेत असं काका म्हणतात. दिवाळीत गेले की फोटो टाकते.

नानाफिटर

नक्की टाका. चाकाचा व्यास मोजून लिहा, कुठल्या सालची असेल त्याचा अंदाज बांधता येईल.

शिस्तप्रिय

आणि मॉरिस एटवर वेगळा धागा कुणीतरी काढा. तिच्यावर माझ्याकडे लिहिण्यासारखं बरंच आहे.